तंबाखूच्या अर्काने डिशमधल्या पेशी मरतात, त्यावरून माणसाबद्दल काय कळतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही डिचोलीच्या, बीएस्सी करताय. तंबाखूचा अर्क टाकला की प्रयोगशाळेत काचेच्या डिशमध्ये वाढवलेल्या पेशी मरतात असं सांगणारे दोन-तीन पेपर वाचलेत. पण मीठ जास्त टाकलं तरी पेशी मरतातच. आणि घरी मामा, जे कित्येक वर्षं तंबाखू-चुना मळतात, ते म्हणतात, ‘काचेतल्या गोष्टी मला सांगू नकोस.’ मग या संशोधनाला अर्थ काय?

मी गोव्यातच सेल कल्चरचं, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं, काम करते. प्रोजेक्टला येणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न विचारावा असं मला मनापासून वाटतं. मिठाचा तुमचा मुद्दा बरोबर आहे. ‘पेशी मेल्या’ एवढंच सांगणाऱ्या पेपरमधून माणसाबद्दल फारसं काही हाती लागत नाही.

कॅन्सरपुरतं बोलायचं तर मेलेल्या पेशीची काळजी नसतेच. ती गेली, शेजारची तिच्या जागी आली, संपलं. काळजी असते ती मार खाऊन वाचलेल्या पेशीची, जी बिघडलेला डीएनए घेऊन जगते आणि तसाच तो पुढच्या पेशींना देत जाते. त्यामुळे खरं काम सुरू होतं ते पेशी मरणार नाहीत इतक्या कमी डोसवर. तुम्ही वाचलेल्या पेपरांतली जांभळ्या रंगाची चाचणी, एमटीटी, ही त्याआधीची पायरी आहे. पिवळं रसायन घालायचं, जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, आणि रंग किती गडद झाला त्यावरून किती पेशी तगल्या ते कळतं. तिथून डोस ठरवायचा आणि पुढे जायचं. बरेच पेपर तिथेच थांबतात, ही तक्रार माझीही आहे.

आता अर्काबद्दल, कारण निम्मी गफलत तिथेच होते. सिगारेटचा धूर मशीनने ओढतात. जुन्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत दर मिनिटाला एक झुरका, दोन सेकंदांचा, ३५ मिलिलिटरचा. तो धूर मीडियममधून, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढतात त्यातून, बुडबुड्यांनी सोडतात. मशीन असं शिस्तीत ओढतं, माणूस बहुधा जास्त जोरात आणि जास्त वेळा. खायच्या तंबाखूचं वेगळं. पुडी पाण्यात किंवा कृत्रिम लाळेत ठरावीक वेळ भिजवायची, गाळायची, मग बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून निर्जंतुक करायची. चहासारखा तपकिरी अर्क मिळतो. त्यात चुना असेल तर तो मीडियममध्ये पडताच लालसर मीडियम डोळ्यांदेखत गडद गुलाबी-जांभळं होतं, कारण मीडियममधला रंग आम्ल-अल्कली दाखवणारा असतो.

इथे तुमचं मीठ पुन्हा समोर येतं. अल्कलीनेच पेशी मेल्या तर दोष तंबाखूचा कसा म्हणायचा? आणि अल्कली काढून टाकली तर मामांच्या तोंडात जे घडतं ते आपण मोजलंच नाही, कारण चुना निकोटिनला अशा रूपात आणतो की ते गालाच्या आतल्या अस्तरातून झटकन आत जातं. म्हणून एक प्लेट नुसत्या मीडियमची, एक तेवढ्याच चुन्याची पण तंबाखू नसलेली, एक तंबाखूची पण चुना नसलेली, आणि एक दोन्हींची. क्षारांचं प्रमाणही मोजून सगळीकडे सारखं ठेवायचं. पेपर हातात आला की मी आधी निकाल वाचत नाही, या तुलनेसाठीच्या, कंट्रोल प्लेट्स शोधते. त्या नसतील तर तुमचा मिठाचा आक्षेप त्या पेपरला शंभर टक्के लागू होतो.

पेशी कुठल्या वापरल्या, तेही बघा. हेला पेशी १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या, तिला न विचारता. त्या आजही जगभर वाढतात, पण विषाणूमुळे त्यांतलं पी५३ हे राखणदार प्रथिन आधीच निकामी झालेलं आहे. डीएनए बिघडल्यावर निरोगी पेशी काय करते, हे अशा पेशीला विचारून उपयोग नाही. दाढ काढताना निघालेल्या हिरडीच्या तुकड्यातून, रुग्णाच्या लेखी संमतीने आणि एथिक्स कमिटीच्या परवानगीने वाढवलेल्या पेशी खूप बऱ्या. त्या नाजूक असतात, थोड्याच पिढ्या टिकतात, म्हणून लोक टाळतात.

कमी डोसनंतर बघायचं ते डीएनएकडे. माझी आवडती चाचणी कॉमेट. पेशी जेलीसारख्या पातळ थरात बसवायच्या, त्यांचं आवरण विरघळवायचं आणि वीजप्रवाह सोडायचा. अखंड डीएनए जागेवर गोळा होऊन राहतो, तुटलेले तुकडे एका दिशेला ओढले जातात. अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपखाली कंट्रोलच्या स्लाइडवर गोल, स्वच्छ ठिपके दिसतात आणि अर्क दिलेल्या स्लाइडवर प्रत्येक ठिपक्यामागे धूसर शेपूट. लक्षात घ्या, अर्क दिलेल्या या पेशी एमटीटीमध्ये जिवंत म्हणून मोजल्या गेलेल्या असतात.

पण तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात भक्कम उत्तर याच्याही पुढे आहे. धुरात बेन्झोपायरीन नावाचं रसायन असतं. ते स्वतः डीएनएला फारसं काही करत नाही. शरीर ते बाहेर टाकण्यासाठी पाण्यात विरघळेल असं बनवायला जातं आणि त्या खटपटीत आपलीच एन्झाइम्स त्याचं असं रूप करतात, जे डीएनएतल्या ग्वानीन या घटकाला जाऊन चिकटतं. पेशी पुढे डीएनएची नक्कल करते तेव्हा त्या जागी चूक होते आणि ग्वानीनऐवजी थायमीन येतं. १९९६ मध्ये संशोधकांनी माणसाच्या पेशींना हे घातक रूप देऊन पी५३च्या जनुकावर ते नेमकं कुठे चिकटतं ते पाहिलं. सगळीकडे सारखं नाही, ठरावीक जागीच चिकटलं. आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या गाठींत त्याच जागी म्युटेशन, म्हणजे डीएनएतले बदल, वारंवार सापडतात, हे आधीपासून माहीत होतं.

नंतर अख्खे जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, वाचता यायला लागले. सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या गाठींत म्युटेशनचा एक ओळखू येणारा ठसा दिसतो. २०१९ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी माणसाच्या मूळपेशींना ७९ संशयित किंवा सिद्ध घातक घटक एकेक करून दिले आणि त्यांचे जीनोम वाचले. बेन्झोपायरीन दिलेल्या पेशींत उमटलेला ठसा सिगारेटवाल्या गाठींतल्या ठशाशी जुळला. डिशमधली पेशी आणि रुग्णाची गाठ, दोघींत एकच खूण. मीठ पेशी मारू शकतं, ही खूण उमटवू शकत नाही.

तंबाखूने माणसाला कॅन्सर होतो का, हे डिशने ठरवलेलं नाहीच. सिगारेटचं १९५० पासून रुग्णांच्याच अभ्यासांतून स्पष्ट होत गेलं आणि तंबाखू घातलेलं पान माणसात कॅन्सर करतं असा निष्कर्ष आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९८५ मध्ये दिला. डिशकडून आपल्याला कळतं ते कसं होतं. डिशच्या मर्यादाही मोठ्या आहेत. तिथे यकृत नाही, रक्त नाही, रोगप्रतिकारशक्ती नाही, सतत वाहणारी लाळ नाही. प्रयोग दोन-तीन दिवसांचा, सवय तीस वर्षांची. ‘आमच्या डिशमध्ये असं झालं, म्हणून माणसात इतक्या टक्क्यांनी धोका वाढतो’ असं कुणी लिहिलं असेल तर तो पेपर बाजूला ठेवा.

मामांना कदाचित वाटत असेल की हे सगळं धुराचं झालं, आपण तर ओढत नाही. खायच्या तंबाखूतली मुख्य विषं, एनएनएन आणि एनएनके, जळण्यातून येत नाहीत. तंबाखूचं पान वाळवताना आणि मुरवताना त्यातल्या निकोटिनवर्गी द्रव्यांपासून ती तयार होतात. पुडी उघडण्याआधीच ती आत असतात. भारतात गाल-हिरड्यांच्या कॅन्सरच्या जीनोमवर कल्याणी आणि खारघरच्या संस्थांनी मोठं काम केलंय. तंबाखू चघळणाऱ्यांच्या अशा गाठींत धुराच्या ठशाहून निराळा ठसा सापडतो, त्याला २९ क्रमांक दिलेला आहे.

आणि सुपारी. फोंडा-सत्तरीत कुळागरं, म्हणजे पोफळीच्या बागा, आहेत, पोफळीवर घरं चालतात, त्यामुळे हे लिहिताना मला जड जातं, पण लिहायलाच हवं. नुसती सुपारीही, तंबाखूशिवाय, माणसात कॅन्सर करते असं आयएआरसीने २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात म्हटलं. सुपारीतले घटक तोंडाच्या अस्तराखालच्या पेशींना कोलॅजन जास्त बनवायला लावतात, आणि बनलेलं कोलॅजन मोडण्याची क्रिया मंदावते. हे डिशमध्ये दिसतं. दवाखान्यात त्याचं रूप म्हणजे गाल आतून घट्ट, पांढुरके होत जातात आणि तोंड उघडेनासं होतं. ‘तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी’ असं समाधानाने सांगणारे आपल्याकडे खूप भेटतात, म्हणून हे ठळक सांगतेय.

तुमचा प्रोजेक्ट असेल तर डिशच्या मागे न लागता गालाच्या पेशी घ्या, असं मी सुचवेन. कॉलेजची एथिक्स परवानगी आणि लेखी संमती घेऊन चूळ भरायला लावायची, लाकडी चपट्या काडीने गालाच्या आतून हलकेच खरवडायचं, स्लाइडवर पसरायचं, रंगवायचं. मोठ्या केंद्रकाशेजारी एखादा सुटा, छोटा गोल ठिपका दिसतो का ते मोजायचं. ते म्हणजे विभाजनात मागे राहिलेला गुणसूत्राचा तुकडा. त्या पेशी खालच्या थरातून वर यायला एक ते तीन आठवडे घेतात, म्हणजे आज दिसतं ते मागच्या काही आठवड्यांतलं नुकसान. हे खऱ्या माणसाच्या खऱ्या तोंडातलं असतं, काचेतलं नाही. रंगवण्यातले डाग आणि खरे ठिपके यांत फसायला होतं, म्हणून स्लाइडवर नाव न ठेवता फक्त क्रमांक ठेवा, आणि मोजणाऱ्याला कोण खातो, कोण नाही हे कळू देऊ नका.

सोडून उपयोग होतो का, असं मामा विचारतील. २०२० मध्ये श्वासनलिकेच्या एकेका पेशीचे जीनोम वाचून एक अभ्यास झाला. सिगारेट सोडलेल्यांत कधीच न ओढणाऱ्यांच्या पेशींसारख्या, कमी बिघाडाच्या पेशी आढळल्या, आणि अजून ओढणाऱ्यांच्या तुलनेत अशा पेशींचं प्रमाण चौपटीपर्यंत होतं. अभ्यास फक्त १६ जणांचा होता आणि तो धुराबद्दल, हेही त्यांना सांगा.

पण त्याआधी मामांना आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालायला सांगा. जात नसतील, तिखट लागलं की तोंडाची आग होत असेल, किंवा पांढरा-लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर पेपर बाजूला ठेवून त्यांना बांबोळीला गोवा डेंटल कॉलेजमध्ये घेऊन जा.