वाचकांचे प्रश्न : बाबांच्या नावानं संस्था काढायची आहे

प्रश्न : ताई, आमचे बाबा पुणे महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षक होते. पर्वतीच्या पायथ्याशी आमचं दोन खोल्यांचं घर होतं. बाबा निवृत्त झाल्यावरही मागच्या वस्तीतली माणसं संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायची. कुणाला अर्ज भरून हवा असायचा, कुणाला आलेलं पत्र वाचून हवं असायचं. गेल्या वर्षी बाबा गेले. घर विकल्यावर आम्ही तिघा भावंडांनी ४५ लाख रुपये त्यांच्या नावानं बाजूला ठेवलेत, त्याच वस्तीसाठी काही करायचं म्हणून. दादा म्हणतो रुग्णवाहिका घेऊ. धाकट्या बहिणीला हुशार मुलांना शिष्यवृत्ती द्यायची आहे. माझ्या मनात दरवर्षी वह्या-दप्तरं वाटायचं आहे. संस्था कशी काढायची आणि पैसा कशावर खर्च करायचा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बाबांनी वस्तीला काय दिलं ते तुम्ही दोन ओळींत लिहिलंत आणि लगेच रुग्णवाहिकेकडे वळलात. मी मात्र त्या दोन ओळींवरच थांबले.

मुंबईत फोर्टमधल्या एका कौटुंबिक न्यासाच्या कार्यालयात मी ३१ वर्षं काम केलं. १९९४ च्या जूनमध्ये आम्ही धारावीत दप्तरं वाटत होतो. रांगेतल्या एका बाईनं दप्तर घेतलं, चेन उघडून पाहिली आणि म्हणाली, "ताई, दप्तर चांगलं हाय, पण पोराचं नाव कुठल्या शाळेत घालू? जन्माचा दाखलाच न्हाई." पोरगं गावी घरातच जन्मलेलं, नोंद कुणी केली नव्हती. वर्ष उलटून गेलं की अशी नोंद करायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. आमची एक कार्यकर्ती त्या बाईबरोबर दोनदा तिच्या गावी गेली, तालुक्याला फेऱ्या मारल्या. दाखला हातात यायला सात महिने लागले. पोरगं पुढच्या जूनमध्ये शाळेत गेलं, तेही दप्तर घेऊनच. न्यासाचा खर्च झाला तो त्या कार्यकर्तीचा पगार आणि एसटीचं भाडं एवढाच. पण वार्षिक अहवालात दप्तरांचा फोटो छापला गेला आणि कार्यकर्तीचा पगार 'प्रशासकीय खर्च' या रकान्यात गेला. विश्वस्तांनी तो खर्च कमी करायला सांगितलं. ती गोष्ट मला आजही लागते.

आता २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यामुळे वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. पण हे त्या बाईला सांगणारं आणि गरज पडली तर मुख्याध्यापकांसमोर तिच्या शेजारी बसणारं कुणीतरी लागतंच. शहरातल्या गरिबाच्या हक्काचं बरंच काही कायद्यात लिहिलेलं आहे, ते त्याच्या हातात पडत नाही. त्याच कायद्यानं खासगी शाळांमध्ये गरीब, वंचित मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागांचं घ्या. अर्ज ऑनलाइन, मुदत थोडी, पत्त्याचा पुरावा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत हवा. चार घरची धुणीभांडी करणारी आई तहसील कार्यालयात किती दिवस घालवणार? धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयानं मंजूर केलेली ही योजना २००६ पासून आहे. तरी नातेवाईक मंगळसूत्र गहाण ठेवून बिल भरताना मी पाहिलेत, कारण प्रवेशाच्या खिडकीवर काय मागायचं हेच ठाऊक नव्हतं. बांधकाम मजुराची कल्याणकारी मंडळात नोंदणी व्हायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदार सहजासहजी देत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की बाबांचा ओटाच पुन्हा सुरू करा. वस्तीत एक भाड्याची खोली, एक टेबल, एक संगणक आणि रोज संध्याकाळी तिथे ठरल्या वेळी बसणारं एक माणूस. शक्यतो वस्तीतलीच, बारावी झालेली, बोलायला न बिचकणारी एखादी मुलगी किंवा बाई. तिला दरमहा वेळेवर पगार द्या. मानधन म्हणू नका, पगारच म्हणा.

हिशोब करून पाहू. ४५ लाख मुदत ठेवीत ठेवले आणि ७ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ३ लाख १५ हजार होतात. अर्धवेळ कार्यकर्तीला महिना १५ हजार, खोलीचं भाडं ५ हजार, वीज, झेरॉक्स, रिक्षा यांना २ हजार. म्हणजे वर्षाचे २ लाख ६४ हजार. उरलेल्या ५१ हजारांत हिशोबतपासणीची फी आणि अडीनडीचा खर्च निघेल. व्याज तेवढंच राहील, पगार मात्र दरवर्षी वाढवावा लागेल. तेव्हा तुम्ही तिघांनी दर दिवाळीला प्रत्येकी निदान २० हजारांची भर घालायचं आत्ताच ठरवून टाका. पाच वर्षांनी कार्यकर्तीला "पैसे संपले" असं सांगायची वेळ येऊ देऊ नका.

रुग्णवाहिकेबद्दल दादांना माझा नमस्कार सांगा, त्यांची तळमळ खरी आहे. पण १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते आहे, आणि स्वतःची गाडी घेतली की चालकाच्या दोन पाळ्या, डिझेल, विमा, टायर हे सगळं मागोमाग येतं. तुमचं सगळं व्याज त्या गाडीतच जाईल. शिष्यवृत्तीचं दार पूर्ण बंद करू नका. अकरावीच्या प्रवेशाच्या आठवड्यात तीन-चार हजारांसाठी मुली घरी बसतात. अडीनडीच्या पैशातून तेवढं देता येईल. 'हुशार' हा शब्द मात्र काढा. ५२ टक्के मिळवलेल्या मुलीला कुणीच काही देत नाही.

पगारावर पैसा घालायचा म्हटलं की देणाऱ्याचा हात आखडतो, हे मी जन्मभर पाहिलं. पण मोठ्या मनाच्या घराण्यांनी नेमकं हेच केलेलं आहे. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या जोसेफ राउंट्री या चॉकलेट कारखानदारानं १९०४ साली आपले न्यास स्थापन करताना लिहून ठेवलं की गरिबांना सूप वाटायला पैसे सहज मिळतात, गरिबी का आहे हे शोधायला कुणी देत नाही. त्याचा पैसा त्या शोधासाठी होता. आपल्याकडे सर दोराबजी टाटांचा न्यास १९३२ चा. त्याच साली दोराबजी वारले. पुढे १९३६ मध्ये त्या न्यासाच्या पैशातून मुंबईत समाजकार्य शिकवणारी शाळा निघाली, आणि ती कुठे, तर नागपाड्यात! गिरणगावाला लागून असलेल्या त्या दाटीच्या वस्तीत क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी 'नागपाडा नेबरहूड हाउस' चालवत होते, तिथेच वर्ग भरायचे. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. देवनारला ती १९५४ साली गेली. न्यासाला इमारती बांधायला पैसा कमी नव्हता, पण त्यांनी वस्तीत काम करणारी माणसं घडवायला तो लावला. आमच्या वेळच्या कितीतरी कार्यकर्त्यांचं शिक्षण त्यातूनच झालं.

आता कागदपत्रांचं. विश्वस्तपत्र, ज्याला ट्रस्ट डीड म्हणतात, ते मुद्रांकावर करायचं आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणीचा अर्ज द्यायचा. सोसायटी म्हणून संस्था काढायची तर किमान सात सभासद लागतात. तुम्ही तिघं आहात, तुम्हाला न्यासच सोयीचा. नोंदणी झाली की आयकर विभागाकडे दोन अर्ज करायचे, एक संस्थेच्या उत्पन्नावरच्या सवलतीचा आणि दुसरा देणगीदारांना मिळणाऱ्या सवलतीचा, ज्याला सगळे ८० जी म्हणतात. नव्या संस्थेला आधी ३ वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी उद्दिष्टांवर खर्च व्हायला हवेत, वरच्या हिशोबात ते बसतं. ४५ लाख 'मूळ निधी' म्हणून दिल्याचं प्रत्येकानं लेखी द्या, म्हणजे ती रक्कम वर्षाच्या उत्पन्नात धरली जाणार नाही. दोन हजारांवरची रोख देणगी ८० जी मध्ये बसत नाही, तेव्हा रोखीचा व्यवहारच ठेवू नका.

विश्वस्तपत्र लिहिताना दोन ठिकाणी घाई करू नका. पहिलं, उद्दिष्टात त्या एकाच वस्तीचं नाव घालून मोकळे होऊ नका. झोपडपट्टी पुनर्वसनात उद्या ती माणसं शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली तर तुमचा न्यास रिकाम्या जागेला बांधलेला राहील, आणि उद्दिष्ट बदलणं फार किचकट असतं. 'पुणे शहर व परिसरातील वस्त्या' असं लिहा. दुसरं, विश्वस्तांमध्ये तुम्ही तिघं असालच, पण निदान दोन जागा बाहेरच्यांना द्या. त्यातली एक वस्तीतल्या व्यक्तीला. एखादी निवृत्त अंगणवाडी सेविका मिळाली तर फार बरं. तिला सहीपुरती ठेवू नका. बैठक संध्याकाळी वस्तीतच घ्या, म्हणजे तिचा रोज बुडणार नाही. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज भरायचा. हे राहून गेलेल्या कितीतरी चांगल्या संस्था पुढच्या पिढीच्या वेळी अडकून पडलेल्या मी पाहिल्यात.

आणि एक विचार भावंडांत नक्की करा. हा सगळा खटाटोप नको वाटला तर नवी संस्था काढायलाच हवी असं नाही. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून उभी आहे. कष्टकऱ्यांच्या, मुलांच्या शिक्षणाच्या जुन्या संस्था आहेत. त्यांच्यापैकी कुणाला बाबांच्या नावानं पाच वर्षं एका कार्यकर्तीचा पगार द्या, मग ठरवा. मी तुमच्या जागी असते तर तसंच केलं असतं.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो, अमेरिकेचा नागरिक आहे, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड आहे. माझ्या आत्येभावानं नाशिकमध्ये वस्तीतल्या मुलांसाठी गेल्या वर्षी न्यास काढला. मी थेट त्याच्या खात्यात पैसे पाठवू शकतो का?
— एक वाचक, अमेरिका

उत्तर : नाही, कृपा करून पाठवू नका. तुम्ही मनानं नाशिकचे असलात तरी कायद्यानं तुमचा पैसा परदेशी योगदान ठरतो. ते घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी योगदान नियमन कायद्याखालची नोंदणी लागते, आणि ती मिळायला साधारणपणे तीन वर्षांचं काम आणि त्या काळात उद्दिष्टांवर १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. पैसेही स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. भारतीय पासपोर्ट असलेला तुमचा एखादा मित्र तिथे असेल तर तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो. तुमचे पैसे त्याच्या नावानं मात्र पाठवू नका, त्यात आत्येभाऊ अडचणीत येईल. तोवर सुट्टीत आलात की मुलांना इंग्रजी बोलायला शिकवा. त्याला परवानगी लागत नाही.

प्रश्न : माझ्या मुलीला एका कुटुंबाच्या संस्थेकडून नर्सिंगच्या शिक्षणासाठी पैसे मिळतात. उपकार आहेत. पण ते दरवर्षी कार्यक्रम घेतात, मुलीला स्टेजवर बोलावून आमची परिस्थिती सांगायला लावतात, फोटो काढतात. यंदा ती म्हणते मी जाणार नाही. मी काय करू?
— एक आई, गोवंडी

उत्तर : तुमची मुलगी बरोबर आहे, आणि तिला तसं तुम्ही आधी सांगा. मग तिच्या हातून संस्थेला एक साधं पत्र लिहून घ्या. त्यात आभार असू द्यात, यंदाचे गुण असू द्यात, आणि शेवटी "कार्यक्रमाला येण्याऐवजी मी कार्यालयात येऊन विश्वस्तांना भेटेन, माझा फोटो व घरची माहिती छापू नये ही विनंती" असं स्पष्ट लिहू द्यात. पत्राची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. मुलगी सज्ञान आहे, तिच्या संमतीशिवाय तिची गोष्ट सांगायचा अधिकार कुणाला नाही. बहुतेक विश्वस्तांना हे कुणी बोललेलंच नसतं, म्हणून ते चालत राहतं.

आमच्या कार्यालयातही ते वर्षानुवर्षं चाललं होतं. दहावीतल्या एका मुलीला मोठा पुठ्ठ्याचा चेक हातात धरून उभं केलं, फोटो वर्तमानपत्रात आला, वर्गातल्या मुलींनी तो तिच्या बाकावर चिकटवला. दुसऱ्या वर्षी ती पैसे न्यायला आलीच नाही. मी तिच्या घरी शिवडीला गेले तेव्हा ती एका दुकानात कामाला लागलेली होती. तिची आई मला म्हणाली, "तुम्ही पैसे दिले त्याचं वाईट नाही वाटलं, ताई, सगळ्यांना सांगितलंत त्याचं वाटलं." मी परत येऊन विश्वस्तांपुढे तेच वाक्य जसंच्या तसं ठेवलं. कार्यक्रम बंद झाला, पैसे थेट खात्यात जमा होऊ लागले. त्या मुलीला पुन्हा शाळेत आणायला मला पुढचं दीड वर्ष लागलं.