वाचकांचे प्रश्न : सोमल आणि लाफार्ज खटला

प्रश्न : फ्रान्समधील लाफार्ज खटल्यात आधीच्या तज्ज्ञांना मृतदेहात सोमल सापडला नाही आणि नंतरच्यांना सापडला, असे वाचनात आले. असे कसे होऊ शकते? पत्नी खरोखरच दोषी होती का?
– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : लोखंडाच्या भट्टीचा मालक शार्ल लाफार्ज जानेवारी 1840 मध्ये मरण पावला. मारी काप्येलशी त्याचे लग्न होऊन तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. घरात उंदीर फार झाल्याचे सांगून तिने सोमल (आर्सेनिकचे विष) मागवला होता आणि त्यानेच तिने पतीला मारले, असा तिच्यावर आरोप होता.

जस्त आणि गंधकाम्ल यांच्या संयोगाने निघणाऱ्या हायड्रोजनबरोबर सोमलाचा वायू बाहेर पडतो आणि तो पेटवून ज्योतीवर चिनी मातीची थंड बशी धरली, की तिच्यावर काळसर चकचकीत डाग उमटतो, ही जेम्स मार्श यांची पद्धत 1836 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ती हाताळण्याचा सराव असलेले लोक थोडेच होते. सप्टेंबरमध्ये त्यूल येथे खटला चालू असताना या पद्धतीने तपासणी करणाऱ्यांना मृतदेहात काही सापडले नाही. अखेर पॅरिसहून आलेल्या ओर्फिला या विषतज्ज्ञांनी आधीच्या तज्ज्ञांच्याच रसायनांनी, त्यांच्यासमोर तपासणी करून अत्यल्प सोमल दाखवला. तो रसायनांतून आला नाही आणि शवपेटीभोवतीच्या मातीतूनही आला नाही, हेही त्यांनी स्वतंत्रपणे तपासले. आपण शिक्षक आहात, तेव्हा या दुसऱ्या तपासणीचे मोल आपणास सांगायला नको. जस्तातच सोमलाचा अंश असेल, तर बशीवरचा डाग काहीच सिद्ध करत नाही. तज्ज्ञांच्या निष्कर्षांतील फरक मुख्यतः हाताच्या सरावाचा होता, असे माझे मत आहे.

दोषाविषयी म्हणाल, तर मला त्या डागापेक्षा स्वयंपाकघरातील पुरावा अधिक वजनदार वाटतो. आजाऱ्याला दिलेल्या अंडे घातलेल्या दुधात ज्या तज्ज्ञांना भरपूर सोमल सापडला, त्यांनाच देहात तो सापडला नव्हता, म्हणजे त्यांचा आरोपीविरुद्ध आकस होता असे म्हणता येत नाही. शिवाय उंदरांसाठी ठेवलेल्या लगद्यात सोमल नव्हे, तर खाण्याचा सोडा निघाला. मग मागवलेला सोमल गेला कुठे, याचे पटण्यासारखे उत्तर बचाव पक्षाकडे नव्हते. बचावासाठी बोलावलेले रास्पाय हे रसायनतज्ज्ञ निकाल लागल्यानंतर पोहोचले, ही मात्र त्या खटल्यातील खरी उणीव आहे, कारण ओर्फिलांची उलटतपासणी करू शकेल असा माणूस न्यायालयात कोणीच उरला नव्हता. मारीला जन्मठेप झाली. 1852 मध्ये तिला सोडण्यात आले आणि त्याच वर्षी ती वारली.