अमूर्त चित्राची फ्रेम केलेली प्रिंट घेताना काय बघावं?

तुम्ही विचारलंय की जळगावच्या नव्या घरात हॉलसाठी रशियन चित्रकार कँडिन्स्कीच्या ‘कंपोझिशन ८’ या अमूर्त, म्हणजे नुसत्या आकार-रंगांच्या चित्राची फ्रेम केलेली प्रिंट ऑनलाइन मागवावी का, आणि मागवताना काय बघावं. जरूर घ्या, पण फ्रेमसकट मागवू नका. प्रिंट नळीत गुंडाळून मागवा आणि फ्रेम गावातच करून घ्या. काच वाटेत फुटत नाही आणि फ्रेमची पट्टी, माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) हाताने बघून निवडता येतं.

त्याआधी माप तपासा. माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं. माणसाच्या चित्रात कान कापला गेला तर कोणाच्याही लक्षात येईल. अमूर्त चित्रात कड कापली तर ज्याने मूळ पाहिलं नाही त्याला पत्ताही लागत नाही. १९२३ चं हे चित्र न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे, साधारण १४० बाय २०१ सेंटिमीटर. रुंदी ३६ इंच धरली तर उंची २५ इंच यायला हवी. बाजारात मिळते ती २४ बाय ३६ ची तयार फ्रेम, म्हणजे इंचभर चित्र गेलंच. वरच्या डाव्या कोपऱ्यातलं ते मोठं काळं-जांभळं वर्तुळ कडेपासून किती लांब आहे, यावरच तर चित्राचा सगळा तोल आहे! संग्रहालयाच्या वेबसाइटवरचं चित्र शेजारी ठेवून चारही कडा आणि रंग ताडून बघा. फिकट पार्श्वभूमी स्वस्त प्रिंटमध्ये पांढरीफटक तरी होते, नाहीतर पिवळी.

विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा: शाई पिगमेंटची (रंगकणांची, लवकर न उडणारी) आहे का, आणि कागद आम्लमुक्त (अ‍ॅसिड-फ्री, लवकर पिवळा न पडणारा) कॉटनचा आहे का. ‘प्रीमियम क्वालिटी’ एवढंच उत्तर आलं तर सोडून द्या.

फ्रेमवाल्याकडे स्वतः उभं राहा. प्रिंट गोंदाने पुठ्ठ्यावर चिकटवू देऊ नका, सेलोटेपही नको. वरच्या कडेला कागदी पट्ट्यांनी टांगायला सांगा. माउंट आम्लमुक्तच घ्या. काच आणि कागद यांच्यात माउंटची फट हवीच, नाहीतर पावसाळ्यात ओल धरून प्रिंट काचेला चिकटते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, ऊनही तसंच भाजून काढणारं. ते थेट येतं त्या भिंतीवर चित्र लावू नका, चांगली शाईसुद्धा त्यात फिकी पडते.

कँडिन्स्की १९४४ साली गेले. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, त्यामुळे त्यांची प्रिंट कोणीही छापू शकतं. आपले अमूर्त चित्रकार एस. एच. रझा (मृत्यू २०१६) किंवा वासुदेव गायतोंडे (मृत्यू २००१) यांचं तसं नाही. त्यांची प्रिंट घ्यायची झाली तर छापायची परवानगी कोणाची आहे ते लेखी मागा. रझांच्या सही केलेल्या, मोजक्याच प्रतींच्या सेरिग्राफही (जाळीच्या पडद्यातून एकेक रंग छापून केलेल्या प्रिंट) विकायला येतात. महाग असतात, पण ऐपत असेल तर मी आधी तिकडेच बघेन.