नागपूरच्या मे महिन्यात ईथर हाताळताना

लॅबमध्ये नवीन आलीस, म्हणून हे आधी सांगते. डायइथाइल ईथर हे द्रावक (पदार्थ विरघळवायचा द्रव) 34.6 अंश सेल्सिअसला उकळतं, डायक्लोरोमिथेन हे दुसरं द्रावक 40 च्या आसपास. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 वर जातो. एसी बंद पडला असेल तर बाटली आधी बर्फात गार कर, मग फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात) झाकण हळूहळू सैल कर. सेपरेटरी फनेल (न मिसळणारे दोन द्रव वेगळे करायचं बूच आणि तोटी असलेलं काचेचं भांडं) हलवताना तर तो उलटा धरून, तोटी कुणाच्या तोंडाकडे नाही हे बघून, सारखी वाफ सोडत जा. मी एकदा घाई केली, बूच उडालं आणि तीन आठवड्यांची मेहनत ओट्यावर सांडली. रडूच आलं गं.

टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले पदार्थ पातळ थराच्या पट्टीवर वेगळे करून बघणं) करताना अभिक्रियेच्या सुरुवातीचा पदार्थ त्याच पट्टीवर शेजारी लावायचाच. आणि वहीत सगळं तिथल्या तिथे लिही, द्रावणाला हिरवट झाक आली तेवढंसुद्धा.