एडिनबरोला येताय? सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स राहू द्या, आधी संध्याकाळचे नऊ होल बघा

तुम्ही विचारलंय की सप्टेंबरात नोकरीसाठी एडिनबरोला येताय, सोबत पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी. तुमचा हँडिकॅप (खेळाचा दर्जा सांगणारा आकडा, जितका कमी तितका चांगला) अठरा, पत्नी नुकत्याच शिकतायत. तर जवळपासचे सर्वांत चांगले गोल्फ कोर्स कोणते, मेंबरशिप येण्याआधीच घ्यावी का, आणि सेट तिकडूनच आणावा का?

सेटचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी. आणा. विमानात सोबत आणलात तर प्रश्नच नाही. घरसामानाबरोबर मागाहून पाठवणार असाल, तर ब्रिटनच्या कस्टम्सकडे ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’ या करसवलतीचा अर्ज सामान निघण्याआधी करा. ती सवलत किमान सहा महिने तुमच्याकडे असलेल्या आणि वापरलेल्या वस्तूंना मिळते. म्हणजे ‘जाताना नवाकोरा सेट घेऊन जाऊ’ हा बेत तिथेच फसतो. जुना आणा. फक्त बूट इथे घ्या, वॉटरप्रूफ. तिकडचे बूट इथल्या नोव्हेंबरात दोन राउंड टिकत नाहीत.

आता चांगल्या कोर्सबद्दल. मी सात वर्षांपूर्वी आलो तेव्हा अगदी हाच प्रश्न घेऊन आलो होतो, आणि ऑफिसातल्या एका जुन्या गोल्फरने मला उलटा प्रश्न विचारला होता: ‘कामावरून सुटल्यावर पाऊण तासात पहिल्या टीवर कुठे पोचशील?’ टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा. तेव्हा मला वाटलं हा टाळतोय. आता मीही तेच विचारतो. स्कॉटलंडमध्ये यायचं तर सेंट अँड्र्यूज, म्यूरफील्ड, कार्नूस्टी ही नावं डोक्यात असतात. पण त्या कोर्सवर तुम्ही वर्षातून एकदा जाल, तेही पाहुणे आले की. बाकीचं वर्ष घराजवळच्या कोर्सवर जातं, आणि इथलं खरं ऐश्वर्य तेच आहे.

तर मी पहिलं नाव घेतो ते ब्रेड हिल्सचं. शहराच्या दक्षिणेला, मॉर्निंगसाइडच्या वरच्या अंगाला. ब्रंट्सफील्डच्या मैदानात गर्दी फार झाली म्हणून नगरपालिकेने १८८९ साली ही टेकडी गोल्फसाठी विकत घेतली, आणि अजूनही तो सार्वजनिक कोर्स आहे. मेंबर असायची गरज नाही, टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, घ्या आणि जा. लांबी फार नाही, पण सपाट जागा जवळजवळ नाहीच. चेंडू पायांपेक्षा वर तरी असतो नाहीतर खाली. आणि दोन्ही बाजूंना गॉर्स. गॉर्स म्हणजे पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप. मे महिन्यात फुललं की त्याला चक्क खोबऱ्याचा वास येतो. पहिल्यांदा मला वाटलं कुणीतरी डोक्याला तेल लावून आलंय. वास छान आहे, पण चेंडू आत गेला तर हात घालू नका. मी घातला होता. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे, आणि निघाला तो दुसऱ्याच कुणाचातरी चेंडू. वरून एका बाजूला किल्ला, आर्थर्स सीट ही टेकडी आणि पलीकडे फोर्थची खाडी दिसते. ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) नावाजलेल्या क्लबांइतके गुळगुळीत नाहीत. त्याची किंमतही तशीच आहे: ओल्ड कोर्सच्या उन्हाळ्यातल्या एका राउंडला तीनशे पौंडांच्या वर जातात, इथे त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात काम होतं.

पत्नींसाठी आणि मुलीसाठी ब्रंट्सफील्ड लिंक्स. विद्यापीठाजवळ, मेडोज बागेला लागून गवताचा मोठा उतार आहे आणि त्यावर उन्हाळ्यात छत्तीस छोट्या होलचा कोर्स असतो. चकटफू. हिवाळ्यात नऊच होल ठेवतात. एक वेज (छोट्या उंच फटक्याची काठी) आणि एक पटर (चेंडू घरंगळवायची काठी) घेऊन जायचं. शेजारी विद्यार्थी गवतावर लोळत असतात, त्यांना चुकवत खेळायचं. शिकणाऱ्याला यासारखी जागा नाही, कारण मागे कुणी घड्याळ बघत उभं नसतं.

तिसरं मसलबरो, आणि याच्याबद्दल मी जरा जास्त बोलणार. शहराच्या पूर्वेला, नऊ होल, रेसकोर्सच्या आत. अक्षरशः आत. घोड्यांच्या ट्रॅकचं पांढरं रेलिंग ओलांडून फटके मारायचे, म्हणून जाण्याआधी शर्यतींचं वेळापत्रक बघा. इथे गोल्फ खेळल्याची लेखी नोंद १६७२ची आहे. १८७४ ते १८८९ या काळात ओपन चॅम्पियनशिप सहा वेळा इथे झाली. जगभर होलची रुंदी सव्वाचार इंच असते, त्याचं मूळही इथेच: १८२९ साली बनवलेलं होल पाडायचं यंत्र त्या मापाचं होतं, आणि पुढे तेच माप नियमात गेलं. एवढा इतिहास असूनही मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता तिथे तुम्ही, दोन निवृत्त गृहस्थ आणि एक कुत्रा, एवढेच असता. माझ्या इथल्या आयुष्यातल्या निम्म्या ओळखी त्या नऊ होलवर झाल्या. एकटे असाल तर पुढचे थांबून विचारतात, ‘येताय का आमच्यात?’ नाही म्हणू नका. घर भाड्याने कुठे घ्यावं, मुलीसाठी दंतवैद्य कुठला, बॉयलर बंद पडला तर काय करायचं, हे सगळं मला चालता चालता कळलं.

म्हणून घर बघताना शाळा आणि ऑफिसबरोबर हेही नकाशावर बघा. पोर्टोबेल्लो-मसलबरो पट्टा किंवा मॉर्निंगसाइडच्या पुढचा भाग, दोन्हीकडून बॅग खांद्यावर टाकून बसने कोर्स गाठता येतो. मुलीला बस फुकट आहे. स्कॉटलंडमध्ये बावीसपेक्षा कमी वयाच्या मुलांना २०२२पासून बसप्रवास मोफत आहे, फक्त कार्ड काढावं लागतं.

मेंबरशिपचं म्हणाल तर येण्याआधी मुळीच घेऊ नका. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. आलो तेव्हा उत्साहात एका क्लबची ‘फाइव्ह डे’ मेंबरशिप घेतली. स्वस्त होती, आणि घरून काम असल्याने सोमवार ते शुक्रवार खेळू असं वाटलं. तीन महिन्यांत ऑफिसने रोज बोलवायला सुरुवात केली. शनिवार-रविवार मला टीवर पाय ठेवता येईना आणि जॉइनिंग फी परत मिळेना. सेक्रेटरी सभ्य माणूस होता, चहा पाजला, पैसे नाही दिले. तेव्हा आधी सहा महिने सार्वजनिक कोर्सवर काढा. मग क्लब बघताना विचारा: जॉइनिंग फी आहे का, हप्ते चालतात का, शनिवारच्या मेडलमध्ये (क्लबच्या स्पर्धेत) नव्या मेंबरला जागा मिळते का, आणि पत्नीला कोणत्या वारी खेळता येईल. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. म्यूरफील्डच्या क्लबाने स्त्रियांना सदस्यत्व द्यायचं ठरवलं ते २०१७ साली. आता बहुतेक ठिकाणी अडचण नाही, तरी वेळापत्रकात जुन्या सवयी उरलेल्या असतात.

हँडिकॅपचा दाखला मात्र सोबत आणाच, शक्यतो इंडेक्स आणि अलीकडच्या स्कोअरसकट. वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आल्यापासून नव्या क्लबात ते पटवणं सोपं झालंय. पत्नींचा अजून नसेल तर चोपन्न होलचे स्कोअर भरले की मिळतो, तीन अठरा किंवा सहा नऊ, कसेही. हँडिकॅप असला की उन्हाळ्यात क्लबांच्या ‘ओपन’ स्पर्धांत नाव देता येतं. ही युक्ती कुणी सांगत नाही: एरवी पाहुण्याला महाग पडणारा कोर्स त्या दिवशी माफक प्रवेश फीत खेळून होतो.

आता सुटीच्या दिवसांचे कोर्स. एडिनबरोच्या वेव्हर्ली स्टेशनवरून नॉर्थ बेरिकची गाडी पकडा, साधारण अर्ध्या तासात उतरता आणि वेस्ट लिंक्सपर्यंत चालत जाता. उन्हाळ्यात दोनशे पौंडांच्या पुढे जातो, पण पैसे साठवून एक कोर्स खेळायचा असेल तर माझं मत याला, ओल्ड कोर्सला नाही. तेराव्या होलला ग्रीनच्या अलीकडे दगडी गडगा आहे. बांधावर असतो ना, तसाच, शेकडो वर्षं तिथेच. माझा दुसरा फटका त्याच्या माथ्यावर बसला आणि उडून माझ्याच डोक्यावरून मागे गेला. सोबतचे आजोबा शांतपणे म्हणाले, ‘भिंत तुमच्याआधीची आहे.’ पंधरावा होल रेडान. ग्रीन आडवं, पुढून मागे उतरणारं, पुढ्यात खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. जगभर याच्या नकला झाल्यात. झेंड्यावर मारू नका, उजवीकडे टाका आणि उताराला काम करू द्या. समोर समुद्रातला बास रॉक हा खडक दिसतो. उन्हाळ्यात तो पांढरा असतो, पक्ष्यांनी आणि त्यांच्या विष्ठेने.

वाटेत गलन गाव. तीन कोर्स एका टेकडीवर, क्रमांक एक महाग, दोन आणि तीन जास्त परवडणारे. मला तीन नंबर आवडतो, छोटा आणि खट्याळ. तिथेच मुलांसाठी सहा होलचा वेगळा कोर्स आहे, फी नाही. मुलीला तिथे न्या. १२४ नंबरची बस एडिनबरोहून गलनमार्गे जाते. म्यूरफील्ड शेजारीच आहे, पाहुण्यांना मंगळवारी आणि गुरुवारी घेतात. जेवणाला टाय-कोट लागतो. एकदा जाऊन आलो, कौतुक आहे, परत जायची हुरहूर नाही.

खाडीपलीकडच्या फाइफमध्ये एलीला जरूर जा. पहिल्या टीसमोर टेकाड असल्यामुळे पुढचे लोक दिसत नाहीत, म्हणून स्टार्टरच्या (खेळाडूंना क्रमाने सोडणाऱ्या माणसाच्या) झोपडीत खऱ्या पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलाय, एक्स्कॅलिबर नावाच्या. मुलांना त्यातून बघू देतात. अठरापैकी सोळा होल पार-चार (म्हणजे चार फटक्यांत संपवायचे), उरलेले दोन पार-तीन, पार-पाच एकही नाही. क्रेल जुनं आणि समुद्राला अगदी खेटून आहे. लेव्हन लिंक्सला आता रेल्वेने जाता येतं, २०२४च्या जूनमध्ये ते स्टेशन पुन्हा सुरू झालं.

आणि ओल्ड कोर्स. बरं, सांगतो. सेंट अँड्र्यूजचं रेल्वे स्टेशन १९६९लाच बंद झालं, त्यामुळे लूकर्सला उतरून बस. कोर्स एका ट्रस्टकडे आहे, सार्वजनिक आहे, कुणा क्लबच्या मालकीचा नाही. आदल्या वर्षी बुकिंग जमलं नाही तर बॅलट, म्हणजे सोडत: खेळायच्या दोन दिवस आधी दुपारी दोनपर्यंत दोन ते चार जणांची नावं द्यायची, संध्याकाळी निकाल. एकटे असाल तर त्याचीही सोडत असते. एडिनबरोत राहायचा फायदा हा, की सुटी घेऊन आठवडाभर तळ ठोकावा लागत नाही. ऑक्टोबरात मधल्या वारी नाव देत राहा, चिठ्ठी लागतेच कधीतरी. नोव्हेंबरापासून मार्चअखेर फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या गवतावर) चटईच्या तुकड्यावरून मारावं लागतं, त्यात मजा नाही. रविवारी कोर्स खेळाला बंद असतो आणि गाव त्यावर फिरायला येतं. एखाद्या रविवारी तुम्ही तिघं नुसतं चालून या. स्विल्कन पुलावर फोटो काढा, सतराव्याच्या रोड बंकरमध्ये वाकून बघा. चौदाव्याचा हेल बंकर तर माणूस उभा मावेल इतका खोल आहे. सात ग्रीन दोन-दोन होलांचे मिळून आहेत आणि प्रत्येक जोडीची बेरीज अठरा येते. मुलीला ते मोजायला सांगा, दोन तास निघून जातात.

दोन-तीन गोष्टी ज्या तिकडून येताना माहीत नसतात. कॅडी क्वचित, बग्गी त्याहून क्वचित, ट्रॉली ओढायची. तीन-साडेतीन तासांत राउंड संपवायचा असतो. फटका चुकला तर कुणी बोलत नाही, पण हळू खेळलात तर बोलतात. फेअरवेवरून कुणी कुत्रा घेऊन चाललं असेल तर चिडू नका. २००३च्या कायद्याने लोकांना इथे कोर्स ओलांडून जायचा हक्क आहे. थांबायचं, हात करायचा, मग मारायचं. पूर्व किनाऱ्यावर ‘हार’ येतं, समुद्रावरून आत सरकणारं गार धुकं. शहरात ऊन असतं आणि मसलबरोला झेंडा दिसत नाही. एप्रिल ते सप्टेंबर बॅगेत एक स्वेटर कायमचा ठेवा. हिवाळ्यात आतले कोर्स चिखल होतात, वाळूवरचे लिंक्स कोरडे राहतात. तेव्हा डिसेंबरात खेळायचं तर समुद्राकाठी.

उजेडाचा हिशोबही करा. जूनमध्ये रात्री दहाला सूर्य मावळतो, जेवून निघालात तरी नऊ होल होतात. डिसेंबरात पावणेचारलाच अंधार. तुम्ही सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उतरलात तर ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे जाईपर्यंत पाचेक आठवडे हातात आहेत. सामान लागायची वाट बघू नका, पहिल्याच मंगळवारी मसलबरोला या. मी सहाच्या सुमारास पहिल्या टीजवळ असतो, निळी टोपी, ट्रॉलीचं एक चाक करकरतं.