अमेरिकेतली लोकल सोरोरिटी म्हणजे नॅशनलने न घेतलेल्या मुलींचा गट असतो का?

नाही. सोरोरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींची संघटना, बहुतेकदा एका घरात एकत्र राहणारी; नॅशनलच्या शाखा अनेक कॉलेजांत असतात, लोकल एकाच कॉलेजापुरती. तुमचा प्रश्न वाचताना मला आमच्या मोठ्या जाऊबाईंचाच आवाज ऐकू आला, त्यामुळे उत्तर लांबणार.

आमची थोरली अपस्टेट न्यूयॉर्कमधल्या एका लहान कॉलेजात होती. दुसऱ्या वर्षी ती तिथल्या लोकल सोरोरिटीत गेली. जाऊबाईंची लेक दक्षिणेतल्या मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत, नॅशनलमध्ये. दिवाळी फराळाला पंधरा बायकांसमोर जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे गल्लीतलं मंडळच की!" सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि त्याचाच राग अजून जात नाही.

त्याच फेब्रुवारीत थोरलीच्या सोरोरिटीच्या घराचा बॉयलर बंद पडला. बाहेर शून्य फॅरनहाइट, घरात चौदा मुली. मी न्यू जर्सीतल्या एडिसनहून दोन हीटर, कुकर आणि मुगाची डाळ गाडीत टाकून निघाले. पोचते तर तळघरात सत्तरीच्या एक बाई प्लंबरला फैलावर घेत होत्या. त्या कॉलेजात असताना याच घरात राहिलेल्या. घर जुन्या मुलींच्या ट्रस्टच्या नावावर, त्यामुळे कुठल्या मुख्यालयाची परवानगी मागायची नव्हती. बाईंनी जिन्यात बसूनच चेक फाडला. मी खिचडीला फोडणी दिली तेव्हा ठसक्याने सगळं घर खोकलं, पण पातेलं चाटूनपुसून संपलं. रात्री मुली हॉलमध्ये गाद्या टाकून वर्गणी किती वाढवायची यावर भांडत होत्या. जिला परवडत नाही तिचं काय, हा मुद्दा बारा वाजेपर्यंत चालला. वीस वर्षांच्या पोरी, पण हिशेबाची वही त्यांच्याच हातात.

पुतणीचं घरही मी पाहिलंय. दारात पांढरे खांब, आत स्वयंपाकी, देखरेखीला हाऊस मॉम. फी मुख्यालयाकडे जाते, नियम तिथूनच येतात. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स ही 1902 ची शिखर संस्था, तिच्यात 26 सोरोरिटी आहेत. त्यांच्या घरांत दारू चालत नाही. ऐकायला बरं वाटतं, पण मग पार्टी होते फ्रॅटर्निटीत, म्हणजे मुलांच्या तसल्याच संघटनेच्या घरी, जिथे ग्लासही मुलांच्या हातात आणि दारही. डार्टमथ कॉलेजातली सिग्मा काप्पा या नॅशनलची शाखा 1988 मध्ये नॅशनलमधून बाहेर पडली आणि सिग्मा डेल्टा नावाने लोकल झाली. तिथे मुली स्वतःच्या घरी, स्वतःच्या अटींवर पार्टी देऊ शकतात. त्यांना कुणी घेतलं नाही म्हणून त्या लोकल झाल्या असं कोण म्हणेल?

आणि प्रत्येक नॅशनल कधीतरी लोकलच होती. काप्पा आल्फा थीटा 1870 मध्ये इंडियानातल्या ग्रीनकॅसलला चार मुलींनी काढली. हॉवर्ड युनिव्हर्सिटीतल्या कृष्णवर्णीय मुलींची आल्फा काप्पा आल्फा 1908 ची. आपल्या देशी मुलींची डेल्टा फाय ओमेगा 1998 मध्ये ह्यूस्टनच्या एका कॅम्पसवर सुरू झाली. हे सगळं मी पुढच्या दिवाळीला जाऊबाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "चकली घे."

प्रतिमेचं म्हणाल तर लोकांनी पाहिलेल्या असतात 2021 पासून टिकटॉकवर फिरणाऱ्या अलाबामा युनिव्हर्सिटीच्या मुली, रशच्या, म्हणजे सोरोरिटीत नव्या मुली निवडण्याच्या, दिवशी कुठला ड्रेस आणि कुठले कानातले ते सांगणाऱ्या. त्याच अलाबामात 2013 मध्ये कृष्णवर्णीय मुलींना नाकारल्याची बातमी विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्राने फोडली होती. नॅशनलचं असं असतं: एका गावात शेण खाल्लं की नावाची तीच ग्रीक अक्षरं लावणाऱ्या दुसऱ्या गावातल्या पोरींच्या तोंडालाही वास. लोकलचं नाव, चांगलं की वाईट, त्या गावाबाहेर जात नाही.

आता जाऊबाईंच्या बाजूचंही लिहिते, नाहीतर पुतणी वाचून फोन करेल. ती डॅलसला गेली तेव्हा तिथल्या जुन्या मेंबरांनी तिला आठवड्यात खोली शोधून दिली. आमची सिएटलला गेली तर तिची अक्षरं तिथे कुणाला ठाऊकही नव्हती. नॅशनलकडे विमा असतो, वकील असतात. रॅगिंग दोन्हीकडे होतं, पण लोकलमध्ये तक्रार वर न्यायला कॉलेज सोडलं तर 'वर' कुणी नसतंच. काही लोकल तर अशा, की रॅगिंगपायी मान्यता गेली आणि त्याच मुलींनी नवीन पाटी लावली. तसल्यांच्या वाटेला जाऊ नका.

तुमच्या मुलीला दोन्हीकडून बिड, म्हणजे सदस्य होण्याचं आमंत्रण, आलंय म्हणता, तर लोकलवाल्यांना विचारा: कॉलेजची मान्यता आहे का, विमा कुणाच्या नावावर आहे, घर कुणाचं. आणि बॉयलर किती जुना आहे तेही विचारा.