डोळा लाल नाही, दुखत नाही, तरी युव्हायटिस कसा? आणि डोळ्यासाठी टीबीची टेस्ट कशाला?

ताई, तुमच्या भावाला डोळ्यासमोर काळे ठिपके आणि धुरकट दिसतंय, डोळा मात्र पांढराशुभ्र आहे, आणि डॉक्टर पोस्टेरिअर युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या भागाला सूज, म्हणून छातीचा एक्सरे, टीबीची टेस्ट, रक्ताच्या ढीगभर तपासण्या सांगतायत, तर हे पैसे काढायचं काम आहे का असं विचारलंय तुम्ही. नाही हो, अजिबात नाही. मी स्वतः याची पेशंट आहे, डाव्या डोळ्याला झालं आणि मूळ टीबी निघाला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लाली आणि ठणका येतो तो सूज डोळ्याच्या पुढच्या भागात असेल तेव्हा. मागचा पडदा म्हणजे रेटिना आणि त्याच्या पाठीमागचा रक्तवाहिन्यांचा थर, कोरॉइड, तिथे सूज आली तर बाहेरून बघणाऱ्याला बहुतेक वेळा काहीच कळत नाही. पण ज्या जागेने आपण वाचतो, माणसं ओळखतो त्या मॅक्युलावर डाग पडला तर गेलेली नजर परत येईलच असं नाही. त्यामुळे दुखत नाही म्हणजे किरकोळ असेल असं प्लीज धरून चालू नका.

आता टेस्टचं. ही सूज टीबीने येते, सिफिलिसने येते, टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीने येते, सारकॉइड नावाच्या आजाराने येते, किंवा शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःवर उलटते, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. स्टेरॉइडने सूज भराभर उतरते हे खरं, पण आत जंतू असले आणि नुसतं स्टेरॉइडच दिलं तर जंतूंना मोकळं रान मिळतं. बरं, डोळ्याच्या टीबीत खोकला, ताप काही नसतानाही आजार असू शकतो, एक्सरे पण क्लिअर येऊ शकतो. आणि उलट, आपल्याकडे मांटू टेस्ट (टीबीसाठी हाताच्या कातडीत सुई देऊन करतात ती) खूप जणांची पॉझिटिव्ह येते, तेवढ्यावरून टीबी ठरत नाही. डॉक्टर पडद्यावरचे डाग, सीटी, रक्त सगळं मिळून ठरवतात.

एफएफए, म्हणजे पडद्याच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, सांगितली तर घाबरू नका. हाताच्या शिरेतून पिवळं औषध देतात आणि पडद्याचे फोटो काढतात, मला थोडा वेळ मळमळलं, मग अंग पिवळट आणि लघवी गर्द पिवळी झाली, दुसऱ्या दिवशी नॉर्मल. आधीची कुठली ॲलर्जी असेल तर मात्र आधीच सांगा.

टीबी निघालाच तर एकेटीच्या, म्हणजे टीबीवरच्या, गोळ्या बरेच महिने चालतात. त्यात रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, त्याचं काही नाही, पण इथॅम्ब्युटॉल डोळ्याच्या नसेला त्रास देऊ शकतं, म्हणून रंग फिके वाटले, विशेषतः लाल-हिरवा, तर त्याच दिवशी फोन करायचा. टीबी वगैरे नसेल आणि आजार पुन्हा पुन्हा उसळत असेल तर प्रतिकारशक्ती आवरणारं औषध, म्हणजे मेथोट्रेक्सेट किंवा अडॅलिम्युमॅबचं इंजेक्शन देतात, आणि अडॅलिम्युमॅब सुरू करायच्या आधी पण टीबी बघावाच लागतो. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू दे, रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं.

मला सगळ्यात जास्त तळमळ वाटते ती स्टेरॉइडबद्दल. स्वच्छ दिसायला लागलं की लोक गोळ्या मनाने बंद करतात, कोणी चेहरा सुजतो म्हणून, कोणी शुगर वाढते म्हणून. असं करू नका, डोस हळूहळूच उतरवायचा असतो, एकदम सोडला तर सूज परत येऊ शकते आणि तब्येतही ढासळू शकते. शुगर, बीपी आणि डोळ्याचं प्रेशर मात्र तपासत राहा.

शक्य असेल तर युव्हायटिसचा स्पेशालिस्ट गाठा, पुण्या-मुंबईत आहेत, नाहीतर हैदराबादला एल. व्ही. प्रसाद किंवा चेन्नईला शंकर नेत्रालय. जाताना जुने रिपोर्ट आणि स्कॅन सगळं न्या. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, त्यामुळे भावाला एकट्याला बाईकवर पाठवू नका. आणि घरी रोज एक डोळा झाकून बाथरूमच्या टाइल्सच्या रेघा बघायला सांगा, मग दुसरा झाकून. रेघा वाकड्या दिसल्या किंवा मध्येच गायब झाल्या तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच दाखवा.